डाळीतील प्रथिने आणि डॉ. कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवत हे नाव ज्यांच्या कानावर नाही अशा भगिनी आपल्यात फारशा नसतील. १९७५ साली कऱ्हाडला भरलेल्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या, आणि त्या दिवसांत त्यांनी दाखविलेल्या निर्भीडपणाची गोष्ट अजूनही घरोघर सांगितली जाते. या दुर्गाबाईंना एक धाकटी बहीण होती. थोरलीने लोककथा, लोकाचार आणि ललित लेखन यांत आयुष्य घालविले. धाकटीने ते परीक्षानळ्या आणि तराजू यांच्या सहवासात घालविले. थोरलीचे नाव जितके गाजले तितके धाकटीचे गाजले नाही. वास्तविक आपण रोज चुलीवर जे शिजवतो त्याच्याशी धाकटीचे काम अधिक जवळचे. त्या धाकट्या बहिणीची, म्हणजे डॉ. कमलाबाई सोहोनी यांची ही हकीकत आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११ च्या सुमारास इंदूरला झाला. माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या देणगीतून बंगलोरला जी विज्ञानसंस्था उभी राहिली, आणि जिला लोक कितीतरी वर्षे टाटा इन्स्टिट्यूट असेच म्हणत आले, तिच्यातून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. तेव्हा रसायनशास्त्र हा या घरात परका पाहुणा नव्हता. मुलीनेही आपल्याच वाटेने जावे, बंगलोरला जाऊन संशोधन करावे, असे घरात ठरल्यासारखेच होते. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. परीक्षेत पहिल्या आल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय, पदार्थविज्ञान हा जोडीचा. त्यांनी बंगलोरला अर्ज धाडला आणि आता बोलावणे येणार म्हणून त्या वाट पाहू लागल्या.

उत्तर आले ते नकाराचे. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविलेले, साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेले हे शास्त्रज्ञ १९३३ मध्येच संचालकपदावर आले होते. मुलीला संशोधनासाठी प्रवेश द्यावयाचा नाही, हेच त्यांचे कारण. गुण कमी होते असे नाही, जागा नव्हती असेही नाही. वडील आणि चुलते स्वतः जाऊन भेटले, विनवणी केली, पण उपयोग झाला नाही.

अशा वेळी विशीतली मुलगी काय करील? घरी बसेल, नाहीतर दुसरा विषय धरील. कमलाबाईंनी बंगलोर गाठले आणि त्या थेट संचालकांपुढे उभ्या राहिल्या. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते. प्रवेश का नाही याचे कारण सांगा, नाहीतर मी येथून हलत नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला. शेवटी रामन यांना माघार घ्यावी लागली, परंतु ती पुरती नव्हती. त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष ही मुलगी नियमित विद्यार्थिनी म्हणून धरली जाणार नाही. तिचे काम पसंत पडले तरच पुढचा विचार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, वेळ पडल्यास रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये!

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण काम करावयाचे होते. पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही, रामन यांच्या विद्वत्तेचा आदर राखून, त्यांनी हे शल्य जाहीरपणे बोलून दाखविले. काही लोक म्हणतात की तो काळच तसा होता, रामन यांना काय दोष द्यावयाचा? सारे खापर काळाच्या माथी फोडणे मला पटत नाही. तोच काळ केंब्रिजमध्येही होता, आणि तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत होत्या. तेथील मार्जरी स्टीफन्सन या पुढे १९४५ साली रॉयल सोसायटीच्या सभासद झाल्या. त्या मानाच्या जागी पोचलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. तेव्हा काळ एकच असला तरी दार उघडणारा आणि लावणारा माणूस निराळा असतो. मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वर्ष संपले, कमलाबाईंचे काम रामन यांनी पाहिले, आणि त्यांना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. एवढेच नव्हे तर त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीच्या वर्षभराच्या परीक्षेवर मागून येणाऱ्या कितीतरी जणींचे भवितव्य अवलंबून होते. ती नापास झाली असती तर दार पुन्हा लागले असते, आणि पुढे कोणालाही त्या एकीचे उदाहरण दाखविता आले असते.

बंगलोरला त्यांना श्रीनिवासय्या या नावाचे मार्गदर्शक लाभले. शिस्तीला अत्यंत कडक, पण शिकविण्यात हात राखणारे नव्हेत. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला.

आता प्रथिने म्हणजे काय हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मुलांची वाढ ज्याने होते, झिजलेले अंग ज्याने भरून निघते, ते अन्नातील द्रव्य. परंतु डाळीत प्रथिन किती हे मोजावयाचे कसे? १८८३ साली केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. धान्य तीव्र आम्लात उकळावयाचे, त्यातला नायट्रोजन मोजावयाचा, आणि त्याला सव्वासहाने गुणावयाचे, की प्रथिन मिळाले. हिशोब सोपा आहे, पण त्यात एक गोम आहे. धान्यातला सगळाच नायट्रोजन प्रथिनातला नसतो. काही नायट्रोजन लहानसहान द्रव्यांत असतो, आणि तो प्रथिनाच्या नावावर जमा झाला तर डाळ आहे त्याहून पौष्टिक दिसते. गरिबाच्या ताटात दूध, मांस नाही. त्याची सारी भिस्त डाळीवर. तेथे हिशोबात चूक झाली तर ती कागदावर राहत नाही, ती लेकराच्या हाडामासात उतरते. कडधान्यांतील हा प्रथिनेतर नायट्रोजनही कमलाबाईंच्या बंगलोरच्या अभ्यासात होता. 

मग प्रथिन कोणते आणि प्रथिनेतर कोणते, हे ओळखावे कसे? अनेक खुणांपैकी एक ठळक खूण म्हणजे रेणूचा भार. शाळेत शिकलेले आठवून पाहा. पाण्याच्या रेणूचा भार १८, उसाच्या साखरेचा ३४२. प्रथिनाचा रेणू मात्र हजारांच्या, लाखांच्या घरात जातो. अमिनो आम्ले नावाचे लहान मणी एका दोऱ्यात ओवून प्रथिनाची माळ तयार होते. माळेतला प्रत्येक मणी सरासरी ११० भाराचा. शंभर मण्यांची माळ म्हणजे अकरा हजार. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठमोठ्या पंडितांचाही यावर विश्वास नव्हता. एमिल फिशर यांच्यासारखे नोबेल पारितोषिक मिळविलेले रसायनशास्त्रज्ञ पाच हजारांच्या पुढे जायला तयार नव्हते. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, हे लहान रेणूंचे नुसते घोळके आहेत, असे पुष्कळांचे मत होते. पदार्थ तराजूत घालून वजन करता येते; डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रेणूचे वजन कोणत्या तराजूत करावयाचे?

याची पहिली रीत मोठी गमतीची आहे, आणि ती इगतपुरीच्या बायकांना समजावून सांगणे मुळीच अवघड नाही. घाट चढून वर येणाऱ्या मालगाड्या पाहत आपल्यातल्या कितीतरी जणी लहानाच्या मोठ्या झाल्या. प्रत्येक मालगाडीच्या शेपटीला गार्डाचा एक डबा असे. समजा, एका दिवसात स्टेशनातून गेलेल्या सगळ्या मालगाड्यांचे मिळून वजन कोणी आपल्याला सांगितले, आणि गार्डाचे डबे किती गेले तेही सांगितले. वजनाला डब्यांच्या संख्येने भागले की एका गाडीचे वजन आले! गाडी प्रत्यक्ष काट्यावर चढविण्याची गरज नाही. काही प्रथिनांत असाच एक गार्डाचा डबा असतो, तो म्हणजे लोखंडाचा अणू. रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन घ्या. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ०.३३५ ग्रॅम लोखंड असते. लोखंडाच्या अणूचा भार ५६. मग त्रैराशिक मांडावयाचे: ०.३३५ लोखंडामागे १०० प्रथिन, तर ५६ लोखंडामागे किती? उत्तर येते सुमारे १६,७००. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा हिशोब झालेला होता.

पण एका गाडीला चार गार्डाचे डबे असतील तर? तर आपले उत्तर चौपटीने कमी येईल, आणि नुसती डबे मोजणारी रीत ही चूक दाखवू शकणार नाही. हिमोग्लोबिनचे तसेच निघाले. १९२५ साली केंब्रिजमध्ये अडेर या शास्त्रज्ञाने दुसरी रीत वापरली. बेदाणे पाण्यात टाकले की पाणी आत शिरून ते टम्म फुगतात. पाणी आत ओढणारा हा जो दाब, त्याला परासरण दाब म्हणतात. तो आत किती रेणू आहेत यावर अवलंबून असतो, ते केवढे आहेत यावर नाही. तेवढ्याच वजनाचे प्रथिन घेतले आणि दाब कमी आला, तर रेणू थोडे आहेत, अर्थात प्रत्येक रेणू जड आहे. अडेर यांनी मोजले आणि हिमोग्लोबिनचा रेणू पहिल्या हिशोबाच्या चौपट, म्हणजे ६६,००० च्या वर भरला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला येथे स्वेडबर्ग यांनी तिसरी रीत काढली. ताक घुसळताना लोणी वर येते; उलट जड रेणूंचे द्रावण अतिशय वेगाने गरगर फिरविले तर रेणू तळाकडे सरकू लागतात, आणि किती वेगाने सरकतात यावरून त्यांचा भार काढता येतो. त्यासाठी त्यांनी जे यंत्र बांधले त्यात पृथ्वीच्या ओढीच्या लाखपट ओढ निर्माण होत असे. त्यांनाही हिमोग्लोबिनचे उत्तर जवळपास तेच आले. तीन वाटांनी जाऊन एकाच गावी पोचल्यावर मग शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. आज तो आकडा सुमारे ६४,५०० धरतात, आणि एका रेणूत लोखंडाचे अणू चार आहेत हे पक्के आहे.

या इतिहासात रामन यांचाही एक लहानसा भाग आहे, तो येथेच सांगून टाकते. प्रथिनासारख्या मोठ्या कणांच्या द्रावणातून प्रकाश जाताना विखुरतो. या विखुरण्याचा आणि परासरण दाबाचा काय संबंध, यावर रामन यांनी १९२७ साली निबंध लिहिला होता. १९४४ मध्ये डिबाय यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोठ्या रेणूंचा भार काढण्याची रीत बसविली. ज्या मुलीला प्रथिनांवर काम करण्यास दारात अडविले, तिच्याच विषयाच्या एका वाटेवर त्या अडविणाऱ्याने आधी पाऊल टाकलेले होते!

बंगलोरच्या कामाचा प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर करून १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्‌सी. झाल्या, आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या. हॉपकिन्स हे तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालेले. पण प्रयोगशाळेत एकही जागा रिकामी नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या तरुण संशोधकाने आपले टेबल देऊ केले. दिवसा कमलाबाईंनी तेथे काम करावे, रात्री आपण करू, असा त्याचा प्रस्ताव. बंगलोरला रात्री काम करण्याची अट कमलाबाईंवर होती. केंब्रिजमध्ये एका पुरुषाने आपणहून रात्रपाळी पत्करली आणि दिवस त्यांना दिला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. रिश्टर यांच्याबरोबर केलेले त्यांचे काम १९३८ साली छापून आले.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्या हाताखाली वनस्पतींवर काम करू लागल्या. विषय होता बटाटा! बटाटा कापून ठेवला की काळा पडतो हे आपण रोज पाहतो. कापलेल्या बटाट्यात हवेतल्या प्राणवायूशी काहीतरी देवघेव चालली आहे हे उघड आहे. पण न कापलेला, शांत पडलेला बटाटाही जिवंत असतो आणि तोही श्वास घेतो. प्राण्यांच्या पेशींत या श्वसनाचे काम सायटोक्रोम नावाची रंगीत प्रथिने करतात, हे डेव्हिड कायलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ साली दाखविले होते. कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींतून सायटोक्रोम सी शोधून काढले, आणि वनस्पतीच्या पेशीही श्वसनासाठी तेच साधन वापरतात हे दाखविले. सपुष्प वनस्पतींतील या श्वसनाच्या एन्झाइमविषयी हिल व कमला भागवत यांच्या नावाने १९३९ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात टिपण प्रसिद्ध झाले. आपल्या अंगातील पेशी आणि टोपलीतला बटाटा एकाच यंत्राने श्वास घेतात, हे कळल्यावर बटाटा सोलताना क्षणभर हात थांबावा अशी ही गोष्ट आहे.

सायटोक्रोम सी हे प्रथिन रेणुभाराच्या दृष्टीनेही मोठे शिकविणारे आहे. यात गार्डाचा डबा एकच, लोखंडाचा एकच अणू. १९३७ च्या सुमारास जे चांगले नमुने मिळत त्यांत लोखंड ०.३४ टक्के भरे. त्रैराशिकाने रेणुभार साडेसोळा हजारांच्या आसपास येई. स्वीडनच्या थिओरेल यांनी ते अधिक शुद्ध केल्यावर लोखंड ०.४३ टक्के भरले आणि रेणुभार उतरून १३,००० वर आला. तो साडेतीन हजारांचा फरक म्हणजे निव्वळ मळ होता. तांदळात खडे असताना वजन केले तर खड्यांचेही पैसे पडतात, तसाच हा प्रकार. म्हणून जीवरसायनशास्त्रात मोजण्याहूनही निवडण्याचे कष्ट अधिक. थंडीत थंड खोलीत उभे राहून, क्षार घालून साका पाडावयाचा, गाळावयाचा, पुन्हा विरघळवावयाचा, पुन्हा पाडावयाचा. दहादा केले तरी अकराव्यांदा मळ निघतो. धान्य पाखडणाऱ्या बाईची चिकाटी येथे उपयोगी पडते, असे मी म्हटले तर ते कोणाला हलके वाटू नये.

केंब्रिजला गेल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत कमलाबाईंचा प्रबंध तयार झाला. तो अवघ्या चाळीस पानांचा होता. प्रबंध जाडजूड असला की विद्वत्ता मोठी अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, आणि विज्ञानात ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्यांना तेथे राहता आले असते. पण देशाचे काम करावे म्हणून त्या १९३९ मध्येच परत आल्या. काही काळ दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख, त्यानंतर कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. ही प्रयोगशाळा पुढे १९५८ साली हैदराबादला गेली. १९४७ साली विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायन विभाग उभा करण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि येथून त्यांच्या आयुष्यातला सर्वांत भरीव काळ सुरू होतो, निदान आम्हा संसारी बायकांच्या दृष्टीने तरी.

कारण आता त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. प्रश्न असा होता. डाळीत प्रथिन भरपूर असते, शेकडा वीस-बावीस भाग. आपल्या तालुक्यातला भात आणि नागली यांना ज्या लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची उणीव असते, ते कडधान्यात विपुल असते. मग कच्चे कडधान्य खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ खुंटते का? उत्तर असे की काही कडधान्यांत प्रथिन पचविणाऱ्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडविणारी द्रव्ये असतात. ती द्रव्येही प्रथिनेच! झाडाने आपले बी किड्यांपासून राखण्यासाठी ठेवलेले हे पहारेकरी. ट्रिप्सिनचा रेणुभार सुमारे २३,३००. ते प्रथिनाची माळ ठराविक जागी कातरते. अडवणूक करणारे द्रव्य आपली एक बाजू त्याच्या कात्रीत अशी घट्ट बसविते की कात्री मिटतही नाही आणि उघडतही नाही. १९५४ च्या सुमारास कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नधान्यांतील या ट्रिप्सिनरोधकांचा शोध घेतला, आणि पुढे वाल आणि डबलबी यांतील रोधक शुद्ध करून त्यांचे गुणधर्म तपासले. 

रेणुभाराचे महत्त्व येथे पुन्हा दिसते. कडधान्यांतील हे रोधक मुख्यतः दोन जातींचे आहेत. एका जातीचा रेणू सुमारे २०,००० भाराचा. सोयाबीनमधील असा रोधक कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात मिळविला. दुसऱ्या जातीचा रेणू लहान, सुमारे ८,०००. तो शुद्ध करण्याचे काम इस्रायलच्या यहुदिथ बर्क या बाईंनी केले, आणि त्या जातीच्या नावात त्यांचे आडनाव कायमचे राहिले. मोठा रेणू उष्णतेने लवकर उलगडतो आणि निकामी होतो. लहान रेणू मात्र गंधकाच्या सात टाक्यांनी आतून शिवलेला असतो, म्हणून तो उकळत्या पाण्यातही बराच वेळ तग धरतो. आपल्या आज्या-पणज्यांनी वाल रात्रभर भिजत घालावे, मोड आणावे, सोलावे, मगच त्यांचे बिरडे करावे आणि तेही मऊ शिजवावे, असा जो परिपाठ ठेवला, त्याचे एक कारण प्रयोगशाळेत असे सापडले. भिजवणे, मोड येणे आणि नीट शिजवणे यांनी रोधकांचा जोर बराच उतरतो. परंपरेत सारेच शहाणपण होते असे मी म्हणणार नाही. पण या बाबतीत होते. चुलीचे सरपण वाचवावे म्हणून किंवा कामाच्या घाईत वाल अर्धेकच्चे उतरविले, तर पैशाने घेतलेले प्रथिन तोंडाने जाऊन तसेच बाहेर पडते, हे लक्षात असू द्यावे.

रेणुभार काढण्याच्या रीतीही पुढे फार बदलल्या. १९६० च्या दशकाअखेरीस एक सोपी रीत आली, ती आजही साऱ्या प्रयोगशाळांत वापरतात. शांपूत आणि दंतमंजनाच्या मलमात जे फेस आणणारे द्रव्य असते, तसलेच द्रव्य घालून प्रथिनाची गुंडाळी उलगडतात आणि थालीपिठाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या एका लिबलिबीत थरातून विजेच्या ओढीने ते पळवितात. यात्रेच्या गर्दीतून पोरे सटकन पुढे जातात आणि जाडी माणसे मागे राहतात. तसे हलके रेणू पुढे, जड मागे. शेजारी ठाऊक भाराची प्रथिने पळवली की ताडून पाहता येते. अलीकडे तर प्रथिनाच्या रेणूवर विद्युत्भार चढवून त्याला अधांतरी उडवितात आणि तेथेच मोजतात. या रीतींसाठी २००२ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. कमलाबाईंच्या पिढीपाशी यातले फारसे काही नव्हते. हाताने साके पाडून आणि घटकांची त्रैराशिके मांडून त्यांनी जे काढले, ते मात्र टिकले.

मुंबईतील त्यांचे दुसरे मोठे काम नीरेचे. ताडमाडाचा रस आंबला की ताडी होते; न आंबलेली ताजी ती नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेची तपासणी हाती घेतली आणि तीत अ आणि क ही जीवनसत्त्वे व लोह असल्याचे दाखविले. ही द्रव्ये नीरेचा गूळ करतानाही काही अंशी टिकतात असे आढळले. कुपोषित आदिवासी मुलामुलींना व गरोदर स्त्रियांना नीरा दिली असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या प्रतीविषयी त्यांचा सल्ला मिळत असे. ज्या तालुक्यात आदिवासी पाडे आहेत, जेथे पावसाळ्यात अंगणवाडीच्या काट्यावर मूल चढविताना आईचा जीव धास्तावतो, तेथे हे काम कशासाठी होते ते सांगावे लागत नाही.

एवढे सगळे केल्यावर तरी मान आपोआप मिळाला असेल असे वाटेल. तसे झाले नाही. विज्ञान संस्थेच्या संचालकपदाचा त्यांचा अधिकार असताना ते पद त्यांच्यापासून चार वर्षे दूर ठेवण्यात आले. १९३३ साली तोंडावर नकार मिळाला होता. या वेळी नकार कोणी दिला नाही, फक्त कागद हलले नाहीत. पहिल्या प्रकाराशी भांडता येते. दुसऱ्याशी कसे भांडावे हे पुष्कळ शिकलेल्या बायकांना आजही उमगलेले नाही. शेवटी त्या संचालक झाल्या आणि तेथूनच निवृत्त झाल्या.

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था काढली. तिचे नाव कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. भेसळ, खोटी वजने, फसव्या जाहिराती यांविरुद्ध ती काम करू लागली. कमलाबाई तिच्यात मनापासून सामील झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले आणि १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. ज्या बाईने रेणूच्या वजनातला मळ काढण्यात हयात घालविली, ती वाण्याच्या वजनातला काढायला गेली यात नवल नाही.

वृद्धापकाळापर्यंत त्यांचे नाव मोठ्या वर्तुळात फारसे पोचलेले नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी त्या वेळी डॉ. सत्यवती या होत्या. अशी एक शास्त्रज्ञ आपल्या देशात आहे हे कळल्यावर त्यांनी कमलाबाईंना दिल्लीला सन्मानाने बोलावून घेतले. छ्याऐंशी वर्षे उलटून गेली होती, तरी कमलाबाई गेल्या. सत्काराच्या त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि २८ जून १९९८ रोजी दिल्लीतच त्यांचे देहावसान झाले.